मनिऑर्डरीचा कागद : परमुलखातला शिपाई आणि महारवाड्यातले घर

सैन्यातल्या महाराची कथा आपल्या चळवळीत बहुधा कोरेगावच्या स्तंभापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ते स्वाभाविकही आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या दगडावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. त्या दगडाने आपल्याला ताठ उभे राहायला शिकवले. पण स्तंभ सांगतो तो शिपाई कसा मेला हे. तो जगला कसा, हे स्तंभ सांगत नाही. तो काय खात होता, त्याच्या ताटाला कोण शिवत होते, घर आठवले तर तो ते कोणापाशी बोलत होता, आणि त्याने धाडलेला पैसा घरी पुरा पोचत होता की नाही, हे प्रश्न आपण इतिहासाला फारसे विचारलेले नाहीत. प्रस्तुत लेखात ते विचारायचे आहेत.

हे प्रश्न मला ग्रंथालयात सुचले नाहीत. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. माझा आजा दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होता. त्याने ती इराकहून आणली. माझे वडील सातवीपर्यंत शिकले, मी घरातला पहिला पदवीधर. इतिहासाचा प्राध्यापक झाल्यावर ती पेटी मी उघडली, तेव्हा वाटले होते की पत्रांचा गठ्ठा निघेल. पत्रे निघाली तीन. बाकी सगळे मनिऑर्डरीचे कागद. इतिहासाचे पुस्तक मला पत्रे वाचायला शिकवते, हे कागद कसे वाचायचे ते शिकवत नाही. म्हणून आधी पुस्तकांतली पत्रे पाहू आणि मग पेटीकडे वळू.

१

पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१९ या काळात, हिंदुस्थानातून सुमारे ११ लक्ष माणसे समुद्रापार गेली. फ्रान्स, मेसोपोटेमिया (आजचा इराक), इजिप्त, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली अशा सर्व आघाड्यांवर ती होती. पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ रोजी मार्सेलिसच्या बंदरावर उतरली. फ्रान्समधील हे शिपाई घरी पत्रे लिहीत. १९१५ च्या वसंतात आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहिली जात होती. बहुतेकांना अक्षर येत नव्हते, म्हणून पलटणीतला कोणी लिहिता माणूस सांगेल तसे लिहून देई. गावी पोचल्यावर ते दुसरा कोणी वाचून दाखवी.

सरकारला या पत्रांची भीती वाटली. बुलोन येथे तपासणीचे खाते उभे राहिले. अधिकारी पत्रे उघडत, निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करत आणि वरिष्ठांना अहवाल धाडत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रे १९९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या तपासणीने शिपायाचे तोंड बंद करायचे, तिनेच त्याचा आवाज जपून ठेवला!

या पत्रांत काय आहे? लढाईपेक्षा घरच अधिक आहे. पाऊस पडला का, म्हैस व्याली का, कर्ज किती फिटले, जमिनीचा दावा कोठवर आला, बहिणीचे लग्न ठरले का. फ्रान्समधली बाई शेतात पुरुषाच्या बरोबरीने राबते आणि वाचते, हे पाहून आपल्या मुलीला शाळेत घाला असे लिहिणारेही आहेत. भावाला भरती होऊ नकोस असे सांगायचे असेल तर ते आडवळणाने लिहायचे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असे कोणी लिहिले तर काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरा, हे घरच्यांनी समजून घ्यायचे.

या ग्रंथाचे मोल मोठे आहे. पण तो वाचताना आपला माणूस मी शोधत राहिलो, आणि तो मला फार थोडा भेटला. पत्रे बहुतांश पंजाब आणि सरहद्दीकडच्या शिपायांची, कारण सैन्यात भरणा त्यांचा होता. इंग्रजांनी काही जाती लढवय्या ठरवल्या आणि उरलेल्यांना दार बंद केले. महारांची भरती १८९० नंतरच्या दशकात थांबवली गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा सरकारचे दार ठोठावले. युद्धात माणूस कमी पडू लागला तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच, १९२१ साली, ती मोडली.

मग अस्पृश्य माणूस परदेशी गेलाच नाही काय? गेला. हजारोंनी गेला. पण त्याच्या हातात बंदूक नव्हती.

२

समुद्रापार गेलेल्या ११ लक्षांपैकी सुमारे पावणेपाच लक्ष लोक बिगरलढाऊ होते. हा आकडा आपण पाठ केला पाहिजे. लष्कराच्या भाषेत यांतल्या पुष्कळांचे नाव ‘फॉलोअर’, म्हणजे मागून चालणारा. भिस्ती, मेहतर, मोची, धोबी, स्वयंपाकी, घोड्यांचा मोतद्दार, डोलीवाला, खेचरवाला. १९१६ पासून तुरुंगांतले कैदीही हमाल आणि मजूर म्हणून मेसोपोटेमियाला नेले. १९१७ साली फ्रान्सला मजुरांच्या तुकड्या गेल्या, त्यांत नागा, संथाळ, उरांव अशा आदिवासींचा मोठा भरणा होता. राधिका सिंघा यांनी या माणसांवर लिहिलेला ग्रंथ २०२० साली आला. युद्ध संपून शंभर वर्षे लोटल्यावर!

शिपायाचा मूळ पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. मेहतराला त्याहून कमी. शिपाई सकाळी उठे तेव्हा मेहतराचे अर्धे काम झालेले असे. शौचाचे चर खणायचे, बुजवायचे, नवे खणायचे. इस्पितळात जखमींचे मलमूत्र काढायचे, रक्ताच्या पट्ट्या उचलायच्या. तोफेचा गोळा पडताना हा माणूस लढाऊ आहे की बिगरलढाऊ हे पाहून पडत नाही. पण पदक, बढती, इनाम जमीन हे सारे ते पाहूनच दिले जाई.

आपल्याकडे समजूत अशी की समुद्र ओलांडला की जात बुडते. इतिहास तसे सांगत नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटन येथील राजवाड्यात हिंदी जखमींसाठी इस्पितळ उघडले. तेथे जातिधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदूंचे पाणी वेगळे, मुसलमानांचे वेगळे. सरकारने हे सोवळे कौतुकाने सांभाळले, कारण त्याची बातमी पत्रांतून गावी जाणार होती आणि भरती चालू ठेवायची होती. गावची विहीर अशी ब्रायटनपर्यंत पोचली.

ब्रायटनहून पश्चिमेला ब्रोकनहर्स्ट नावाचे गाव आहे. तेथे लेडी हार्डिंग इस्पितळ होते. त्यात सुखा नावाचा मेहतर काम करी. बरेली शहरातल्या गंगापूर मोहल्ल्याचा, वय वर्षे ३०. १२ जानेवारी १९१५ रोजी तो वारला. पुढची हकीकत अशी सांगतात की, अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याला अग्नी देण्याचे नाकारले आणि मुसलमान नव्हे म्हणून वोकिंगच्या मुसलमानांच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली नाही. शेवटी ब्रोकनहर्स्टच्या पाद्र्याने आपल्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. त्यावर त्याचे नाव आहे, गाव आहे, आणि तो ख्रिस्ती नव्हता हेही प्रांजळपणे नोंदले आहे.

ही कथा सांगून इंग्रजांची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. ज्या साम्राज्याने नऊ स्वयंपाकघरे मांडली त्याच साम्राज्याच्या एका खेड्याने ही कबर दिली, दोन्ही खरे आहे. मला प्रश्न पडतो तो बरेलीचा. सुखाच्या घरी ही बातमी कशी पोचली? कोणी वाचून दाखवली? वाचणारा कोठे उभा होता आणि ऐकणारी कोठे? त्याचे मढे आपल्याच लोकांनी नाकारले, हे त्या कागदात होते काय? परक्या मुलखातल्या दगडावर सुखाचा पत्ता आहे. तो पत्ता त्याच्या घरच्यांनी कधी पाहिला नसेल.

३

मराठी मुलखाचा संबंध अधिक आला तो मेसोपोटेमियाशी. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. अन्न संपले. घोडे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती आली तरी बहुतेकांचे मन मानेना. भाजी नाही, फळ नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त वाहू लागले. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील, ही त्यांची भीती होती. घर आणि शिपाई यांचे नाते म्हणजे केवळ माया नव्हे. गावाचा हात हजारो कोसांवरून शिपायाच्या ताटापर्यंत पोचत होता.

हे वाचताना मी थबकलो. मेलेले ढोर ओढायला लावून, ते खायची पाळी आणून, वर त्याच अन्नावरून ज्यांना हीन ठरवले, त्या माणसांचा वंशज मी आहे. मृत मांस सोडा असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले, तेव्हा तो स्वाभिमानाचा निर्णय होता. कुतला शिपाई उपाशी राहिला तो मात्र जातीच्या धाकाने. दोन्ही ठिकाणी ताटच आहे, पण एका ताटाशी माणूस मोकळा होतो आणि दुसऱ्या ताटाशी तो बांधला जातो.

कुत पडले तेव्हा सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. त्यांत ३ हजारांहून अधिक बिगरलढाऊ होते. वाळवंटातून चालत नेताना आणि रेल्वेच्या कामावर त्यांतले किती मेले! या कैदेची हकीकत लिहिणाराही निघाला : बंगाल अँब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्वाधिकारी. त्याचे बंगाली पुस्तक १९५७ साली आले. तो शिकलेला होता, रोजनिशी ठेवू शकत होता. त्याच्यासोबत चाललेल्या भिस्तीने आणि मेहतराने काय पाहिले, ते त्यांच्याबरोबरच गेले.

आणि दगडाचे म्हणाल, तर १९२९ साली उभ्या राहिलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावे कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा कोरला. याच युद्धातल्या गोऱ्या सोजिराचे नाव आहे, काळ्या शिपायाचा आकडा आहे. ही विषमता होती हे युद्धकबरींचे काम पाहणाऱ्या आयोगाने २०२१ साली मान्य केले. जेथे शिपायाचेच नाव नाही, तेथे त्याच्या मागून चालणाऱ्याची गणती कोण करणार?

४

आता पेटीकडे येतो.

बाबासाहेबांनी सतत पाठपुरावा केला, १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण १९४२ च्या जानेवारीत कामठीला. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. माझा आजा कामठीला भरती झाला. भरतीचे कारण विचारले तर तो म्हणे, “पोटाले भाकर अन् अंगाले कपडा.” मग थोडा थांबून म्हणे, “अन् कोनी ये रे म्हनून हाका मारत नोहोते.” दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली आणि युद्ध संपल्यावर इराकला रवाना झाली. तीस वर्षांपूर्वी कुतचा वेढा ज्या नदीकाठी पडला, त्या नदीचे पाणी माझ्या आज्यानेही प्यायले.

त्याचा तिथला दिवस आजीने ऐकून मला सांगितला. पहाटे परेड, दुपारी ऊन असे की बंदुकीची नळी हाताला भाजे, रात्री पहारा. सैन्याची लिहिण्याची भाषा रोमन लिपीतली उर्दू, ती तो तिथे शिकला. मराठी लिहिता यायच्या आधी त्याला रोमन अक्षरे आली! सगळी पलटण आपलीच, म्हणून लंगर एक, नळ एक. पण ही समता वेगळे ठेवून दिलेली होती, हे आज इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दिसते. त्याला दिसत असेल ते वेगळेच. गावच्या हॉटेलात आपली कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे आणि आपली आपण विसळावी लागे. इराकच्या बाजारातली गोष्ट तो म्हातारपणीही सांगे : “तिथं चहा हातात देत. धुवाले नाही लावत.”

आणि इकडे गावात? पोस्टमन महारवाड्याच्या तोंडाशी बाभळीखाली थांबे आणि हाक मारी. नोटा आणि नाणी जमिनीवर ठेवल्या जात. आजीने त्या उचलायच्या आणि कागदावर अंगठा द्यायचा. अंगठ्याला साक्ष लागे. ती साक्ष करणारा गावातला एक शहाणा माणूस, तो दर वेळी आठ आणे कापून घेई. पुढे रुपया कापू लागला.

पत्र आले तर ते वाचायला मास्तरांकडे जावे लागे. मास्तर ओट्यावर, आजी अंगणात उन्हात. उत्तर तेच लिहीत. परक्या पुरुषापुढे, अंगणातून मोठ्याने ओरडून, एक तरुण बाई नवऱ्याला काय सांगणार? “सगळे खुशाल आहे,” एवढेच. आमच्या घरी पत्रे तीनच का, याचे उत्तर मला येथे मिळाले. अक्षर येत नव्हते हे अर्धेच कारण. फ्रान्समधल्या शिपायाच्या पत्रावर एक तपासनीस होता. माझ्या आजीच्या पत्रावर पोस्टमन, साक्षीदार आणि मास्तर असे तीन होते, आणि त्यांना पगारी अहवाल लिहायचा नसल्याने त्यांनी काही जपूनही ठेवले नाही. पंजाबच्या शेतकऱ्याचे पत्र तपासून अडवले गेले. आमचे पत्र लिहिलेच गेले नाही.

तरी आजीने वाट काढली. जाताना आजा तिला सांगून गेला होता की पैसा पुरा मिळाला नाही तर विहिरीचे नाव काढ. ती मास्तरांना म्हणाली, “लिहा जी मास्तर, आमच्या हिरीचं पानी आटलं म्हना.” मास्तरांनी लिहिले. महारवाड्यात विहीर नाही आणि गावची विहीर आम्हाला बंद आहे, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. इराकमध्ये आजाच्या ध्यानात आले. पुढचे पैसे त्याने रजेवर येणाऱ्या जोडीदाराबरोबर पाठवले. काळी मिरी आणि लाल मिरची लिहिणारा शिपाई आणि माझी निरक्षर आजी, यांची बुद्धी एकाच जातीची होती. फरक एवढाच की त्याची गोष्ट लंडनला जपली गेली.

पेटीत मनिऑर्डरीचे कागद दोन प्रकारचे आहेत. एक कूपन, जे पैसे घेणाऱ्याकडे राही. त्यावर दोन ओळींची जागा असते. आजाच्या कूपनांवर “पैसे पाठवले. पोच देणे” याहून अधिक नाही. दुसरे कागद पोचपावत्या, आजीच्या अंगठ्याच्या, ज्या परत पाठवणाराकडे जात. आजाने त्या सगळ्या जपून, इराकपर्यंत नेऊन परत आणल्या. मी आजीला विचारले, हे कशाला ठेवले असतील? ती म्हणाली, “मी अंगठा दाबून देत होती. म्हनजे त्याले समजे का मी धड हावो.”

ही तिची पत्रे होती. इतकी वर्षे मी त्यांना पावत्या समजत होतो.

५

कोणी विचारील, साम्राज्याच्या चाकरीची ही कथा आपण कशाला उकरावी? ज्या युद्धांत आपले हित नव्हते, ज्या अरबांशी आपले वैर नव्हते, तेथे आपला माणूस पोटासाठी गेला. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. गणवेशाने गुलामी संपत नाही. आजा १९४७ साली घरी आला तेव्हा पेन्शन नव्हते, जमीन नव्हती. त्याने पुन्हा दुसऱ्याच्या वावरात नांगर धरला. गावच्या हॉटेलात कपबशी बाहेरच होती. पण या वेळी त्याने ती विसळायला नकार दिला, आणि मारही खाल्ला. माझ्या वडिलांना त्याने शाळेत घातले तेही याच काळानंतर. सैन्याने त्याला मुक्त केले असे मी म्हणणार नाही. जात ही निसर्गाची गोष्ट नाही, गावाची आहे, हे त्याने दुसरे गाव पाहून ओळखले, एवढे म्हणेन. वलंगकर सैन्यात होते, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. ही ओळख तेव्हापासून आपल्याकडे घराघरांतून आलेली आहे.

म्हणून आपल्या शिपायाचा इतिहास केवळ पत्रांतून लिहिता येणार नाही. ज्याच्या हाती लेखणी होती त्याची पत्रे मिळतील. ज्याच्या हाती झाडू, मशक किंवा बंदूकच होती, त्याचे मनिऑर्डरीचे कूपन मिळेल, डिस्चार्जचे पुस्तक मिळेल, अंगठा मिळेल, पत्र्याची पेटी मिळेल. हीच आपली कागदपत्रे.

गेल्या वर्षी मी वर्गात विचारले, कोणाच्या घरात पणजा किंवा आजा सैन्यात होता? नऊ हात वर आले. कागद आहेत का म्हटल्यावर सात खाली गेले. एका मुलीने सांगितले की घर बांधताना जुने कागद जाळले, कारण त्यांवर नुसते अंगठे होते.

या अंकाचे वाचक शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. तुमच्या वस्तीत अशी एखादी पेटी असेल. म्हातारी असेल तर अजून सांगेल. तिला लढाईबद्दल विचारू नका. पैसे कोण आणून देई, कोठे उभे राहावे लागे, पत्र कोण वाची, आणि सांगायचे राहून काय गेले, हे विचारा आणि तिच्याच बोलीत लिहून घ्या. जळायच्या आत.